इंदूताईंची तीन रुळांची गाडी

इंदूताई गावंडे यांना मी बसून चहा पिताना कधी पाहिलं नाही. बशीत चहा ओतून घ्यायचा आणि शिक्षिकांच्या खोलीत या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत चालत तो संपवायचा, अशी त्यांची रीत होती. चालता चालता कुणाच्या टेबलावरचा खडू उचलून पेटीत टाकतील, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतील, मैदानात एखादी पोरगी उन्हात उभी दिसली तर खिडकीतूनच तिला दटावतील. पण बशीतला थेंब सांडायचा नाही. साठ सालच्या आसपास मी अमरावतीच्या त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले. पहिल्याच दिवशी मी उठून त्यांना माझी खुर्ची देऊ केली. त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तू बस ना बाई. मले बसून काय भेटते?" म्हणाल्या आणि दुसऱ्या खिडकीकडे गेल्या.

त्या भूगोल शिकवायच्या. वर्गातही त्यांचं चालणं थांबत नसे. नकाशापासून शेवटच्या बाकापर्यंत फेऱ्या चालू असत, आणि पूर्णा नदी सातपुड्यातून निघून तापीला मिळेपर्यंत पोरींच्या माना इकडून तिकडे वळत राहत. उंच, सडपातळ बाई. साध्या काठाचं पातळ, कपाळ मोकळं. आमच्या मुख्याध्यापिका पुण्याच्या होत्या. आमच्याकडे बायकाही 'मी जातो', 'मी करतो' म्हणतात, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. इंदूताई वर्गात पुस्तकातलं मराठी बोलत आणि दार ओलांडलं की वऱ्हाडी. मुख्याध्यापिका एकदा त्यांना म्हणाल्या, "गावंडेबाई, तुमचं बोलणं अंगावर येतं हो." इंदूताईंनी मान डोलावली. "येऊ द्या ना. अंगावर आलं म्हणजे पोचलं."

त्यांची माझी जवळीक झाली ती जागेवरून. नोकरी हातात होती, पण माझं तायडे हे आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आम्ही बौद्ध झालो. पण राजापेठेतल्या घरमालकांच्या लेखी त्यानं काही बदललं नव्हतं. हे कळलं त्या दिवशी शाळा सुटल्यावर इंदूताई मला सरळ आपल्या बिऱ्हाडी घेऊन गेल्या. माडीवरच्या दोन खोल्या आणि पुढे लाकडी कठड्याचा सज्जा. घरमालक खाली राहत. कोर्टातून निवृत्त झालेले नाझर, सगळे त्यांना नाझरसाहेबच म्हणत. त्यांनी विचारलं, "तायडे म्हणजे कोणत्या तायडे?"

"गणित शिकवणाऱ्या," इंदूताई म्हणाल्या आणि माझी ट्रंक उचलून जिना चढू लागल्या. नाझरसाहेब जिन्यातून बाजूला झाले. मग आत गेले. तो प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

बरोबर राहू लागल्यावर मला त्यांची घालमेल जवळून दिसायला लागली. घडी केलेली पातळं मोडून पुन्हा घडी करायच्या. घासलेला तांब्या पुन्हा घासायचा. सुट्टीच्या दिवशी तर त्यांना घर खायला उठे. सकाळपासून सज्जात येऊन रस्त्याकडे पाहायच्या, जणू कुणी यायचं आहे. मी मुळातच संथ. वह्या तपासायला बसले की उठायचं भान राहत नसे. "तुले पाहून मले दम लागते शांता," त्या म्हणायच्या. एवढ्या धावपळीचं कारण मला कळलं ते एका रविवारी त्या मला अकोल्याला घेऊन गेल्या तेव्हा.

अकोल्याला त्यांचं सासर होतं. गावंडे मंडळींची काळ्या मातीची शेती खेड्यावर, आणि मुलांच्या शिक्षणासाठी घर अकोल्यात, रेल्वेच्या बाजूला. त्या घराच्या बैठकीत इंदूताई खुर्चीच्या कडेवर बसल्या. त्यांना बसलेलं मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. हात मांडीवर, पदर खांद्यावरून ओढून घेतलेला, पाहुणी बसते तशा. आतून चहा आला. पाठोपाठ त्यांच्या थोरल्या जाऊबाई आल्या आणि त्यांच्या पदराला धरून आठ-नऊ वर्षांची एक मुलगी.

"नलू, काकूच्या पाया पड," जाऊबाई म्हणाल्या.

मुलगी पाया पडली आणि लगेच मागे सरून पुन्हा त्यांच्या पदराआड झाली. इंदूताईंनी पिशवीतून रिबिनी काढल्या, शेंदूरजन्याहून माहेरच्या बागेतली संत्री आली होती ती काढली. मुलीनं जाऊबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, तेव्हा तिनं ती घेतली. मला वाटलं, पुतणी असेल, लाजते आहे.

परतीच्या गाडीत त्या म्हणाल्या, "ते नलू माझी आहे."

डब्याच्या दारापाशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा नलू नुकती धावायला लागली होती. इंदूताईंना शिकायचं होतं, पायावर उभं राहायचं होतं. सासरे, ज्यांना त्या मामंजी म्हणत, दुष्ट नव्हते. पण त्यांचं एकच म्हणणं होतं. सुनेला जायचं तर जावं, पोरगी घरातली आहे, ती घरातच राहील. "आणि मी गेली, शांता. लोकं म्हणतात कठीण काळजाची बाई. असीन. तिथं राहिली असती तर चुलीपाशी बसून बसून मेली असती. मनात होतं, नोकरी लागली का पोरीले घेऊन येऊ. पण तोवर पोरगी जाऊबाईले आई म्हणाले लागली. भाऊ-बहिणी मले काकू म्हणतात, म्हणून तीही काकू म्हणते." एवढं बोलून त्या डब्यात चालू लागल्या. बडनेरा येईपर्यंत चालत होत्या.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस मामंजींनी स्वतःहून एक गोष्ट काढली. त्यांचं वय होत चाललं होतं, आणि नातीच्या पुढच्या शिक्षणाचं त्यांनाही दिसत असावं. ते म्हणाले, "दिवाळीनंतर उरलेली सुट्टी पोरीले तुमच्याकडे घेऊन जा. तिचा जीव रमला तर तिथल्या शाळेत घालू. रडून घरी आली तर मंग हा विषय पुन्हा काढायचा नाही. आपलं ठरलं."

इंदूताईंनी हो म्हटलं, पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. आमच्या दोन खोल्यांत पोरीनं करायचं काय? तिथं अंगण, भावंडं, म्हैस, गोठा. इथं दोन बायका आणि वह्यांचे गठ्ठे. एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक होती. मागच्या एका खेपेला इंजिनाची शिटी ऐकू येताच नलू गच्चीवर पळाली होती, आणि इंदूताई तिच्या मागे गेल्या होत्या. कठड्याला लागून उभी असलेली पोरगी मान न वळवता म्हणाली होती, "हे मालगाडी आहे. हिच्या मागून नागपूरची येते." पोरीनं आईशी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. इंदूताई ते मला पुन्हा पुन्हा ऐकवत.

नलूसाठी लहान खाट घ्यायची म्हणून आम्ही बडनेऱ्याच्या रेल्वे कॉलनीत गेलो. तिथले एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर बायको-मुलांसह परदेशी निघाले होते आणि घरातलं सामान विकत होते, असं शाळेत कळलं होतं. खाट होतीही. पण इंदूताईंची नजर पलंगाखालच्या लाकडी पेटीवर गेली. ड्रायव्हरच्या बायकोनं ती ओढून उघडली. आत पत्र्याची हिरवी आगगाडी होती. इंजिन, कोळशाचा डबा, प्रवाशांचे तीन डबे, रुळांचे सुटे तुकडे, आणि वीज कमी-जास्त करायचा दांडा असलेला एक काळा ट्रान्सफॉर्मर. गाडी विजेवर चालायची. तिची मुलं मोठी झाली होती आणि पेटी किती वर्षं उघडलीच नव्हती.

"चलती है?" इंदूताईंनी विचारलं.

"चलती थी," ती बाई खरं तेच म्हणाली. "देखो बाई, ये बहुत नखरेवाली है. पहले सफाई माँगती है, फिर तेल, फिर बिजली. जल्दी करोगी तो रूठ जाएगी."

खाट तिथंच राहिली. टांग्यात मांडीवर पेटी घेऊन इंदूताई टांगेवाल्याला सांगत होत्या, "भाऊ, जरा लवकर हाका ना."

त्या बाईनं सांगितलेलं सगळं त्या घरी पोचेपर्यंत विसरल्या होत्या, किंवा ऐकलंच नव्हतं. दिवेलागणीला त्यांनी पेटीतले सगळे रूळ दोन्ही खोल्यांत अंथरले. माझ्या कॉटखालून, उंबऱ्यावरून, चुलीच्या ओट्याला वळसा घालून. या रुळांना दोनऐवजी तीन पट्ट्या होत्या. मधल्या पट्टीतून वीज यायची आणि इंजिनाच्या पोटाखालची एक चपटी पट्टी तिला घासत जायची. इंदूताईंनी इंजिन ठेवलं, मागे सगळे डबे जोडले आणि दांडा पार शेवटापर्यंत ओढला. फट्‌ आवाज झाला, जळका वास आला आणि घरातले वरचे-खालचे सगळे दिवे गेले.

नाझरसाहेब कंदील घेऊन वर आले. जमिनीवर पसरलेले रूळ त्यांनी पाहिले, दोन शिक्षिकांकडे पाहिलं. "गावंडेबाई, हे काय करून राहिल्या तुमी?"

"गाडी चालवून राहिलो," इंदूताई म्हणाल्या.

फ्यूज पुन्हा बांधला गेला, पण नाझरसाहेबांनी अट घातली. गाडी दिवसाउजेडी चालवायची, आणि चालवण्याआधी त्यांना खाली सांगायचं, म्हणजे ते मेनस्विचपाशी उभे राहतील. तेव्हापासून आमच्या जिन्यात अधूनमधून हाक उठायची, "नाझरसाहेब, लावू का?" आणि खालून उत्तर यायचं, "लावा."

दोघींपैकी एकीलाही विजेतलं काही कळत नव्हतं. मी भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली चार पानं वाचली. त्यात आगगाडी नव्हती. मग मी एकेक रूळ हातात घेऊन नुसता पाहत बसले. काही तुकड्यांत मधली पट्टी आणि खालच्या पत्र्याच्या आडव्या पट्ट्या यांच्यामध्ये लाल कागदाचा छोटा कपटा होता. काहींत तो गळून पडला होता आणि पट्टी थेट पत्र्याला टेकली होती. वीज तिथूनच पळत असणार. इंदूताईंनी जुन्या लग्नपत्रिका काढल्या, कात्रीनं जाड कागदाचे कपटे केले आणि आम्ही ते सुईनं आत सरकवले. त्यानंतर फ्यूज उडाला नाही. गाडी गुरगुरली, थरथरली, हातभर पुढे गेली आणि थांबली.

पुढचे कितीतरी दिवस हेच. हातभर जायची, थांबायची. इंदूताई बोटानं ढकलायच्या, पुन्हा हातभर. रूळ मळलेत म्हणून त्यांनी पॉलिश पेपरनं खसाखसा घासले. एक दिवस बरं चाललं आणि मग आधीपेक्षा वाईट, कारण पडलेल्या चऱ्यांत काळा मळ जास्तच बसायला लागला. इंजिन कोरडं झालंय म्हणून त्यांनी डोक्याला लावायचं खोबरेल त्याच्या पोटात ओतलं. त्या संध्याकाळी गाडी पूर्ण फेरा फिरली. इंदूताईंनी खाली जाऊन नाझरसाहेबांना पेढा दिला. सकाळी इंजिन जागचं हलेना. कार्तिकातली थंडी, बाटलीतलं खोबरेल गोठलं होतं, तसंच इंजिनाच्या पोटातलंही.

मी म्हटलं, "ताई, सगळं काढून टाकू. एक छोटा गोल लावू. नुसतं इंजिन. ते नीट चाललं की मग एक डबा."

"एवढ्याशा गोलात काय मजा? पोरीले वाटलं पाहिजे, गाडी कुठंतरी जाऊन राहिली."

"आधी चालू तर द्या."

त्यांनी ऐकलं नाही. इंजिन रॉकेलनं धुतलं, वाळवलं, पुन्हा सगळे रूळ, सगळे डबे लावले, आणि दांडा ओढला तो एकदम शेवटापर्यंत. या वेळी गाडी सुटली ती सुटलीच. उंबऱ्यापाशी उसळली, वळणावर रूळ सोडून सरळ गेली आणि पाट्यावर आदळली. इंजिनाच्या तोंडाला पोचा आला.

"गाडीला घाई नाही ताई," मी म्हणून गेले. "घाई तुम्हाला आहे."

त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, उलट उतरला. "हो. मलेच आहे. तुले काय माहीत शांता, आपलं लेकरू आपल्याले पाहून दुसरीच्या पदराआड लपते तवा कसं होते. मी दर वेळी पायरी चढताना म्हणतो, आज नाही लपणार. दर वेळी लपते." मग त्या सज्जात गेल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

मी त्यांच्या मागे गेले नाही. मी इंजिन मांडीवर उलटं घेऊन बसले. चाकांच्या आसात काहीतरी काळं दिसत होतं. मला वाटलं, तार असेल. सुईनं उचकटून ओढलं तर केस. लांबच लांब केस, आसाभोवती आवळून गुंडाळलेले, त्यात रॉकेल आणि खोबरेल मुरलेलं. काही जुने, भुरकट. पण बहुतेक ताजे, आमचेच. आम्ही दोघी रोज त्याच फरशीवर वेणी घालत होतो, आणि गाडी ते केस गोळा करत फिरत होती.

"ताई, जरा इकडे या," मी म्हटलं.

त्या आल्या. पाहिलं. त्यांच्या तोंडावर हसू आलं. "बाप्पा. आपणच आपल्या गाडीच्या पायात आलो म्हणायचं."

दुसऱ्या दिवसापासून वेणी-फणी सज्जात. त्यांनी फरशी पुसली. रूळ घासले नाहीत. रॉकेलच्या फडक्यानं हळू पुसले, फडकं काळं येईनासं होईपर्यंत. शिवणयंत्राच्या दुकानातून पातळ तेल आणलं आणि सुईच्या टोकावर थेंब घेऊन आसांना लावलं. एवढं सावकाश काम त्यांनी आयुष्यात केलं नसेल. फरशी एका बाजूला उतरती होती, तिथं रुळाखाली पुठ्ठा सारला. छोटाच गोल लावला, कॉट आणि कपाटाच्या मध्ये. नुसतं इंजिन ठेवलं.

"नाझरसाहेब, लावू का?"

"लावा."

त्यांनी दांडा जरासा हलवला. इंजिन निघालं. थरथर नाही, झटका नाही. कपाटापाशी गेलं, वळलं, कॉटखालून आलं, पुन्हा कपाटाकडे. आवाज फक्त एक बारीक घुमणारा. मग एक डबा लावला, मग दुसरा, मग तिसरा. खालून नाझरसाहेब विचारत होते, "झालं का? चालली का?" आणि आम्ही दोघी वाकून गाडी कॉटखालून कधी बाहेर येते ते पाहत होतो. शेवटी ते स्वतःच वर येऊन दारात उभे राहिले. "रेल्वेसारखीच आहे की हो," म्हणाले.

नलू यायच्या आदल्या दिवशी मी शाळेतलं उरलेलं काम आटोपून घरी आले तर इंदूताई जमिनीवर बसून तो गोल सुटा करत होत्या. रूळ, डबे, इंजिन, सगळं परत पेटीत.

मी हबकले. "हे काय करता ताई? इतकी मेहनत केली."

"चालती गाडी दाखवली तर नलू पाहीन. पाहून झालं का म्हणीन, आता घरी चला. पाहायले तिच्यापाशी खरी गाडी आहे ना गच्चीवरून." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "तिच्या हाताले काही तरी काम पाहिजे. मले नाही का लागत?"

मामंजी नलूला सोडून गेले. जिना उतरणाऱ्या आजोबांकडे ती पाहत राहिली आणि मग सज्जात जाऊन बसली. तो अख्खा दिवस तिथंच. जेवायला बोलावलं तर "भूक नाही." इंदूताई आत-बाहेर, आत-बाहेर. समजूत घालायला जाऊ नका, असं मी खुणेनं सांगत होते आणि मलाच ते बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही पोरगी सज्जातच. डोळे सुजलेले. दुपारी इंदूताईंनी पेटी काढली, सज्जाच्या दारापाशी जमिनीवर बसल्या आणि एकट्याच रूळ जोडायला लागल्या. मन ठिकाणावर नव्हतं. रुळाच्या एका टोकाला खिळे असतात आणि दुसऱ्या टोकाला पोकळ तोंड. त्या खिळ्यांवर खिळे दाबत होत्या.

बऱ्याच वेळानं सज्जातून आवाज आला. "तसं नाही बसत काकू. खिळ्याले भोक पाहिजे."

इंदूताईंनी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पोरगी पुन्हा गप्प झाली असती, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. हातातला तुकडा त्यांनी नुसता बाजूला सरकवला. नलू आली, उकिडवी बसली आणि तिनं तो बरोबर लावला.

मग घर रुळांनी भरलं. मायलेकी रोज नवा मार्ग काढत. नलूला स्टेशनं हवी होती. माझ्या वह्यांचे गठ्ठे बोरगाव आणि मूर्तिजापूर झाले. इंदूताई हात आवरून तिच्या गतीनं काम करायला शिकत होत्या, मध्येच त्यांचा हात दांड्याकडे जाई आणि नलू म्हणे, "हळू ना काकू." एकदा कागदाचा कपटा निसटला असावा, फट्‌ झालं, फ्यूज उडाला, खालून नाझरसाहेब ओरडले, "कोण आहे बे तिकडे?" आणि नलू पोट धरून हसली. त्या घरात तिचं हसू तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, जिंकलं आता.

सुट्टी संपता संपता मामंजी आले. चहा झाला. त्यांनी नातीला जवळ घेतलं. "काय मंग नलूबाई? इथं राहायचं का घरी चालायचं?"

नलूनं इंदूताईंकडे पाहिलं. मग पेटीकडे. मग खाली बघत म्हणाली, "घरी चालतो. आई वाट पाहून राहिली असीन."

इंदूताई उठल्या. गाडी पेटीत भरली, तेलाची बाटली आणि रॉकेलचं फडकं ठेवलं, दोरीनं पेटी बांधली आणि टांग्यात नलूच्या पायाशी ठेवली. टांगा गेल्यावर मी चिडून म्हटलं, "पेटी कशाला दिली? ती इथं असती तर पोरगी पुन्हा आली तरी असती."

"मी काय गळ टाकून बसली होती का शांता?" त्या म्हणाल्या. "तिले आवडली. तिच्यापाशी असू दे." आणि रिकाम्या खोलीत झाडू मारायला लागल्या. त्या हिवाळ्यात त्या इतक्या चालल्या की चपलेचे तळ झिजले. अकोल्याला मात्र गेल्या नाहीत. ठरलं होतं, विषय संपला होता.

संक्रांतीच्या सुमारास मामंजी शाळेत आले. फाटकाबाहेर काठी टेकून उभे होते. इंदूताई धावत गेल्या. त्यांना वाटलं, पोरगी आजारी. "ते गाडी बंद पडली," मामंजी म्हणाले. त्यांनाही थोडं अवघडल्यासारखं होत होतं. "मी वीजवाल्याले बोलवतो म्हणलं तर पोरगी हात लावू देत नाही. म्हणते, काकूलेच बोलवा. दोन दिवस झाले, धड जेवून नाही राहिली."

त्या रविवारी मीही गेले. या वेळी बैठकीत चहा आला नाही. नलू दारातच उभी होती. तिनं इंदूताईंचा हात धरला आणि त्यांना ओढत माडीवर नेलं. तिथं भावंडांचा घोळका, मध्ये गाडी. काही वेळानं मी वर गेले तर इंदूताई आणि नलू जमिनीवर पालथ्या पडून इंजिनाच्या पोटात बघत होत्या, आणि जाऊबाई शेजारी कंदील धरून बसल्या होत्या. "बरं झालं तुमी आल्या इंदू," त्या म्हणाल्या. "या पोरीनं माझं डोकं खाल्लं." त्यांच्या बोलण्यात ना हेवा होता ना उपकार. दिवसभर घर सांभाळून दमलेल्या बाईचं ते बोलणं होतं. त्यांनीही त्या पोरीला जीव लावून वाढवलं होतं, हे मला तेव्हा प्रथमच दिसलं.

परतताना इंदूताई गाडीत चालत नव्हत्या. खिडकीला डोकं टेकून म्हणाल्या, "ती येत नाही तर नाही. तिचं घर तिथं आहे. मीच जातो." जूनमध्ये त्यांनी अकोल्याच्या एका शाळेत जागा मिळवली. सासरच्या घरात राहिल्या नाहीत. पलीकडच्या गल्लीत एक खोली घेतली. मी त्यांना पोचवायला बडनेऱ्याला गेले. गाडी हलल्यावर त्या दारातून ओरडून सांगत होत्या, "नाझरसाहेबानं काही विचारलं तर सांग, भाडं आता शांता वेळेवर देते. आणि तू जरा हिंडत जा, बसून बसून जाड होशीन."

इंदूताईंना वारून आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण काढायला म्हणून बसले की मला नेहमी तो एक दिवस दिसतो. अकोल्याला गेल्यानंतर वर्षभरानं मी त्यांच्याकडे गेले होते. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात नलू आली. दप्तर भिरकावलं, तशाच मातीच्या पायांनी आत येऊन डबा शोधायला लागली.

"पाय धुतले का?"

"धुतले."

"मंग हे फरशीवर काय आहे? आत्ता पुसली मी."

"मंग पुन्हा पूस ना काकू. तुले तर कामच पाहिजे राहते."

इंदूताईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. जोरात नाही, पण खोटाही नाही. मी पोरीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पाठ चोळत ती मोरीवर गेली आणि पाय धुऊ लागली, तोंड चालूच. ज्या बाईला त्या मुलीशी बोलताना आवाज चढवायची भीती वाटायची, ती आता माझ्यासमोर तिला खुशाल रागावत होती, आणि पोरगी उलट बोलत होती. मी त्यांचा निरोप घेतला. गल्लीच्या टोकापर्यंत दोघींचे आवाज ऐकू येत होते. उद्या डब्यात पुन्हा मेथी दिली तर आपण खाणार नाही, असं नलू सांगत होती, आणि इंदूताई म्हणत होत्या, "खाशीन. न खाऊन जाशीन कुठं?"